केबल तोडायची का? आधी रिमोट कुणाच्या हातात असतो ते बघा

इंदिरानगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दोन टीव्ही. हॉलमध्ये स्मार्ट टीव्ही, सासूबाईंच्या खोलीत जुना एलसीडी. दोन्ही केबलवर, मिळून महिन्याला ६८० रुपये. वायफायचे पैसे वेगळे. मुलं केबल बघतच नाहीत, त्यांचं सगळं यूट्यूबवर. सासऱ्यांना बातम्या आणि क्रिकेट लागतं. सासूबाई संध्याकाळी सात ते दहा मराठी मालिका बघतात. मिस्टरांचं म्हणणं, केबल बंद करू, गच्चीवर फुकटवाली छत्री लावू, बाकी वायफाय आहेच. ताई विचारतात, असं करावं का?

ताई, अर्धं करा. हॉलची केबल बिनधास्त काढा. सासूबाईंच्या खोलीतली काढू नका, ती लहान करा. असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी विचारतंच, आणि घाईने सगळं तोडलेली घरं मी पुष्कळ बघितली आहेत.

नाशिकमध्ये मी चोवीस वर्षं हेच काम करतोय. सुरुवातीला केबलचा लाइनमन होतो, खांबावरून गच्चीवर आणि गच्चीवरून खिडकीत वायरी ओढायचो. पुढे छत्र्या बसवायला लागलो. आता निम्मं काम वायफाय आणि स्मार्ट टीव्हीचं असतं. नाशिक केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात होतं, ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. त्या महिन्यात सिडको आणि सातपूरमध्ये घरोघरी सेट टॉप बॉक्स पोचवत फिरलोय. तेव्हा लोकांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली होती: आमचे चॅनेल होते त्याच नंबरला दिसतील ना? आज केबल काढतानाही घरातल्या वयस्कर माणसाचा प्रश्न तोच असतो. फक्त तो कुणी मोठ्याने विचारत नाही.

पंचवटीतली एक गोष्ट सांगतो. मुलगा पुण्याला नोकरीला, इथे आजी एकट्या. मुलाने प्रेमानेच केलं सगळं. नवा टीव्ही घेतला, मागे नेटवरची ॲप चालवणारी स्टिक लावली, तीन ॲप भरली, केबल बंद केली आणि रविवारी संध्याकाळी परत गेला. मंगळवारी शेजारच्या वहिनींनी मला बोलावलं, टीव्ही बिघडलाय म्हणून. जाऊन बघतो तर टीव्ही ठणठणीत. पडद्यावर "कोण बघतंय?" असं विचारणारं पान, खाली तीन गोल चेहरे. आजी दोन दिवस त्या पानासमोर बसून होत्या. हातात तो बोटभर रिमोट, त्यावर एकही आकडा नाही. मला म्हणाल्या, "दादा, यात चारशे एकवीस कुठे दाबू?" त्यांच्या मालिकेचा तो नंबर होता. मी त्यांना तीनदा शिकवलं आणि त्या तीनदा विसरल्या. शेवटी मुलाला फोन लावला आणि केबल परत जोडली. पैसे वाचवायच्या नादात त्या बाईंचे दोन दिवस मुके गेले, ते मला अजून खटकतं. म्हणून आता कुणाचीही केबल काढण्याआधी मी विचारतो, रिमोट कुणाच्या हातात असतो?

दुसरं, काहीही तोडण्याआधी पंधरा दिवस एक कागद टीव्हीशेजारी ठेवा. कुणी काय बघितलं तेवढंच त्यावर लिहायचं. एरवी विचारलं तर प्रत्येक जण "आम्ही सगळंच बघतो" म्हणतो. कागदावर मात्र सात-आठ चॅनेलच्या पुढे गेलेलं घर मी क्वचितच बघितलंय. बॉक्समध्ये तीनशे चॅनेल येतात, त्यातले पावणेतीनशे रिमोटच्या वाटेतही येत नाहीत. तुमचं ६८०चं बिल नेमकं कशाचं आहे हे त्या कागदावरूनच कळेल.

आता बिलाकडे येऊ, कारण खरी बचत बहुतेकांना इथेच सापडते. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची, म्हणजे टीव्ही आणि फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, नवी पद्धत आली. तेव्हापासून केबलच्या बिलात दोन भाग असतात. एक, वायर आणि बॉक्स चालू ठेवण्याचं भाडं, त्याला नेटवर्क कपॅसिटी फी म्हणतात. दुसरा भाग पैसे भरून बघायच्या चॅनेलचा. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. सुरुवातीला १३० रुपयांत शंभर चॅनेल होते, २०२० मध्ये त्याच पैशांत दोनशे झाले. जुलै २०२४ मध्ये ट्रायने या फीवरची कमाल मर्यादा काढली, म्हणून तुमचा ऑपरेटर नेमकी किती लावतो ते त्यालाच विचारा. हिशेबासाठी मी १३० धरतो.

सुटा चॅनेल घ्यायचा तुमचा हक्क त्याच नियमांत आहे. गठ्ठ्यात, म्हणजे पॅकमध्ये, मिळणाऱ्या कुठल्याही चॅनेलची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर नसते. सासूबाईंना मालिकांसाठी चार मराठी चॅनेल लागतात असं समजा, आणि प्रत्येकाचे पूर्ण १९ धरा. ७६ झाले. १३० मिळवले की २०६. त्यावर जीएसटी ३७ रुपये. एकूण २४३. मराठी बातम्यांचे बहुतेक चॅनेल फुकट किंवा अगदी नावापुरत्या किमतीचे असतात, ते त्या दोनशेंत बसतात. दूरदर्शनचे चॅनेलही त्याच पैशांत.

म्हणजे एका टीव्हीचे २४३. तुम्ही दोनचे ६८० भरताय, कारण दोन्ही बॉक्सवर तोच मोठा पॅक चढवलेला असणार: हिंदी सिनेमे, इंग्रजी, कार्टून, दक्षिणेकडचे चॅनेल, आणि बरेचसे एचडी. एचडी चॅनेलची किंमत वेगळी लागते आणि दोनशेच्या मोजणीत एक एचडी दोन चॅनेलइतका धरला जातो. सासूबाईंच्या जुन्या चोवीस इंची एलसीडीवर एचडीचा फरक डोळ्याला दिसत नाही. तो पहिला काढा.

केबलवाल्याला फोन केला की तो "ताई, पॅकच घ्या, सुटे महाग पडतात" म्हणेल. कधी कधी ते खरंही असतं. एकाच कंपनीचे तीन-चार चॅनेल हवे असतील तर त्या कंपनीचा छोटा गठ्ठा सुट्यांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडू शकतो. म्हणून दोन्ही आकडे मागा. कागदावर लिहिलेल्या चॅनेलची यादी व्हॉट्सॲपवर पाठवा आणि म्हणा, एवढेच हवेत, सुटे किती आणि गठ्ठ्यात किती ते लिहून पाठवा. यादी समोर असली की बोलणं लवकर संपतं. केबलवाल्याशी भांडू नका. पावसाळ्यात रात्री नऊ वाजता वायर तुटली तर शिडी घेऊन येणारा तोच असतो.

आता फुकटवाली छत्री. तिचं नाव डीडी फ्री डिश, दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीची सेवा, २००४ पासून चालू आहे. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही, कार्ड नाही. एकदाच छत्री, बॉक्स, वायर आणि बसवणावळ मिळून साधारण दोन हजारांच्या आसपास खर्च येतो. कुणी "वर्षाचं कार्ड भरावं लागेल" किंवा "सरकारी नोंदणीचे पाचशे" असं म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. गेल्या दोन वर्षांत आडगाव आणि म्हसरूळकडच्या वयस्कर मंडळींनी असे पैसे भरल्याचं माझ्या कानावर आलंय, तेव्हा हे मुद्दाम सांगतो.

यात काय दिसतं हे आधी नीट समजून घ्या. सह्याद्री दिसतं, दूरदर्शनचे बाकीचे चॅनेल दिसतात, बातम्या, सिनेमे, भक्तीचे आणि गाण्यांचे बरेच खासगी चॅनेल दिसतात. खासगी चॅनेल लिलावात जागा विकत घेऊन इथे येतात, त्यामुळे यादी बदलत राहते. आज दिसणारा चॅनेल पुढच्या वर्षी असेलच असं नाही. आणि ज्या मोठ्या मराठी मालिकावाल्या चॅनेलचे पैसे तुम्ही केबलवर भरता ते सहसा इथे नसतात. मिस्टरांची योजना नेमकी इथे अडकते. सासूबाईंच्या खोलीत फक्त फ्री डिश लावली तर संध्याकाळी सात वाजता त्यांची मालिका लागणार नाही, आणि ही गोष्ट पहिल्याच दिवशी कळेल.

मग छत्री लावायचीच नाही का? लावा, पण हॉलमध्ये, सासऱ्यांसाठी लावा. भारताच्या पुरुष संघाचे अधिकृत एकदिवसीय आणि टी-२० सामने, तसंच विश्वचषकाचे उपांत्य आणि अंतिम सामने, ज्याच्याकडे हक्क आहेत त्याला प्रसार भारतीला द्यावे लागतात. तसा २००७ चा कायदाच आहे. म्हणून हे सामने डीडी स्पोर्ट्सवर फुकट लागतात. यात एक मेख आहे. तोच डीडी स्पोर्ट्स केबलवर किंवा पैसेवाल्या डीटीएचवर लावलात तर सामना दिसत नाही, दुसराच कार्यक्रम चालू असतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं ठरवलं की दूरदर्शनला मिळालेलं हे प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दाखवावं, केबलवाल्यांना देऊ नये. "आमच्याकडे डीडी स्पोर्ट्स आहे पण मॅच का नाही" म्हणून मला सामन्याच्या दिवशी फोन येतात, त्याचं कारण हे आहे. बॉक्स बिघडलेला नसतो. आयपीएल मात्र या कायद्यात येत नाही. ती बघायची तर पैसेवाला चॅनेल किंवा ॲप, तिसरा रस्ता नाही.

छत्री कशी बसवायची हे थोडं खोलात सांगतो, कारण इथे हलगर्जी झाली की पुढची पाच वर्षं त्रास होतो.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. नाशिकहून तो आग्नेयेला दिसतो, जवळपास अचूक आग्नेयेला. रविवार कारंज्यावर उभं राहून नाशिकरोड स्टेशनच्या दिशेला तोंड केलंत की तीच दिशा. इंदिरानगरहून म्हणाल तर नाशिकरोड आणि देवळाली कॅम्प यांच्या मधे बघायचं. आकाशात तो साधारण सत्तावन्न अंश उंच आहे, म्हणजे मान बरीच वर करावी लागते. याचा फायदा असा की समोरची इमारत सहसा आडवी येत नाही. छत्रीपेक्षा तीस फूट उंच भिंत वीस फुटांच्या आत असेल तरच अडचण. तोटा असा की बाल्कनीत, वरच्या स्लॅबखाली छत्री लावली तर स्लॅबच आडवा येतो. तुमचा तिसरा मजला आहे. आग्नेयेची बाल्कनी असली तरी छत्री कठड्याच्या बाहेर, स्लॅबच्या रेषेच्या पुढे काढावी लागेल. त्यापेक्षा सोसायटीला विचारून गच्चीवर जागा घेतलेली बरी.

झाडांकडेही बघा. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या जुन्या बंगल्यांत उन्हाळ्यात छत्री छान चालते आणि ऑगस्टमध्ये चित्र फुटायला लागतं. कारण आग्नेयेच्या झाडाला पालवी आलेली असते आणि पानं ओली असतात. बसवताना झाड बोडकं असेल तर ते भरल्यावर कुठवर येईल याचा अंदाज घ्यायचा.

मोबाइलमधल्या होकायंत्रावर डोळे झाकून भरवसा ठेवू नका. लोखंडी टाकी किंवा कठड्याच्या सळया जवळ असल्या की तो वीस-वीस अंश चुकतो. गच्चीच्या मधोमध, लोखंडापासून लांब उभं राहून दिशा घ्यायची आणि समोरची एखादी खूण लक्षात ठेवायची. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर आहे, इथे एका अंशाची चूक तिकडे सहाशे किलोमीटरच्या वर जाते. म्हणून खांब आधी ओळंब्यात हवा. माझ्या खिशात कायम छोटा ओळंबा असतो. खांब तिरका असेल तर छत्रीवरचे आकडे बघून काही उपयोग नाही.

सिग्नल जुळवताना टीव्हीवर दोन पट्ट्या दिसतात. एक ताकदीची, एक गुणवत्तेची. नवखा माणूस पहिली पट्टी भरली की खूश होतो. ती पट्टी एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, वीज मिळतेय एवढंच सांगते, छत्री जमिनीकडे केली तरी ती भरलेली दिसेल. दुसरी पट्टी वर यायला हवी. छत्री केसभर हलवायची, थांबायचं, तीन-चार सेकंद वाट बघायची, मग पुन्हा केसभर. बॉक्स उशिरा दाखवतो, त्यामुळे घाईघाईने फिरवलं तर बरोबर जागा हातातून निघून जाते. जागा सापडली की एलएनबी तिच्या खोबणीत थोडी डावी-उजवी पिळून बघायची, अजून थोडी गुणवत्ता मिळते. मग नट समोरासमोरचे आलटून पालटून आवळायचे. एकच नट गच्च केला की छत्री त्या बाजूला खेचली जाते आणि मिळवलेलं निघून जातं.

वायर तांब्याची, आरजी-६. एलएनबीत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ सोडायचा, म्हणजे पावसाचं पाणी झोळातून ठिबकतं, जोडणीत जात नाही. जोडणीवर रबरी टेप. एवढं केलं नाही तर दोन पावसाळ्यांत आतली तार हिरवी पडते. नाशिकमध्ये मे अखेरीला वळवाचे वारे सुटतात तेव्हा ढिल्या छत्र्या फिरतात. त्या आठवड्यात माझ्याकडे रोज चार-पाच तक्रारी असतात. आणि एक गोष्ट आधीच मान्य करा, धो धो पाऊस पडत असताना छत्रीचं चित्र जाणारच. ज्या लहरींवर हे चालतं त्या मुसळधार पावसात शोषल्या जातात. दहा-पंधरा मिनिटांत परत येतं. त्यासाठी कुणाला बोलावू नका, पैसे वाया जातात.

बॉक्स घेताना एमपेग-४ मागा, म्हणजे सिग्नल उलगडायची नवी पद्धत असलेला. मेन रोड, शालिमारच्या दुकानांत जुने एमपेग-२ बॉक्स दोनशे-तीनशे कमीत मिळतात, पण काही चॅनेल त्यावर दिसतच नाहीत. बॉक्सला एचडीएमआय आणि तीन रंगांच्या पिनांची जागा, दोन्ही असू द्या, पुढेमागे जुन्या टीव्हीला लावता येतो. तुमच्या हॉलचा टीव्ही गेल्या काही वर्षांतला असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये सॅटेलाइट ट्यूनर आहे का तेही बघा. असला तर बॉक्सच लागत नाही, छत्रीची वायर थेट टीव्हीत. गच्चीवर तुमच्या मालकीची जुनी डीटीएच छत्री पडून असेल तर तीही चालते. एलएनबीवर ९७५० आणि १०६०० हे आकडे छापलेत का बघा. ९५ अंशांच्या उपग्रहाकडे लावलेली छत्री तर अगदी थोडीशीच फिरवावी लागते.

हॉलच्या टीव्हीवर बाकी सगळं वायफायवर. मराठी बातम्यांचे जवळजवळ सगळे चॅनेल यूट्यूबवर दिवसभर थेट चालू असतात, फुकट. प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, तेही फुकट, त्यावर दूरदर्शनचे चॅनेल दिसतात. तुमच्या वायफाय कंपनीला एकदा विचारा की आमच्या प्लॅनमध्ये टीव्हीचे चॅनेल किंवा ॲप आधीच आहेत का. पुष्कळ घरांत ते असतात आणि कुणाला माहीतच नसतं. अशोकनगरला एका घरात वर्षभर एका ॲपचे वेगळे पैसे भरत होते, आणि तेच ॲप त्यांच्या वायफायच्या प्लॅनमध्ये होतं.

मालिकांच्या ॲपबद्दल एवढंच सांगतो की चॅनेल वेगळे, तशी घरंही वेगळी. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५वर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. सासूबाईंच्या मालिका तिन्हींकडे विखुरलेल्या असतील तर तीन ॲप भरून केबलएवढेच पैसे जातात, वर रोज कुणीतरी लावून द्यावं लागतं. म्हणून मी त्यांची केबल ठेवायला सांगतोय. मुलांसाठी किंवा आयपीएलसाठी ॲप घेणार असाल तर एका वेळी एकच घ्या, आणि घेताना "टीव्हीवर चालतं का" हे वाचून घ्या. सर्वांत स्वस्त प्लॅन बहुधा फक्त मोबाइलचा असतो, टीव्हीवर लावला की तो पुन्हा पैसे मागतो. आपोआप नूतनीकरणाची खूण घेतल्या घेतल्याच काढून टाका.

वेगाची काळजी करू नका. एचडी चित्राला पाच एमबीपीएस पुरतात, तीसचा प्लॅन दोन टीव्ही आणि चार मोबाइलना पुष्कळ होतो. चित्र अडकतं ते बहुतेक वेळा राउटर बेडरूममधल्या कपाटावर आणि टीव्ही दोन भिंतींपलीकडे असल्यामुळे. राउटर हॉलमध्ये आणा, जमलं तर टीव्हीला सरळ वायर द्या. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र टीव्ही चालवू नका. चांगल्या एचडीत तासाला तीन जीबीपर्यंत डेटा जातो, रोजचे दीड-दोन जीबी अर्ध्या सिनेमात संपतात. आणि सध्या शहरात रस्ते खोदणं चालूच आहे, फायबर तुटलं की दोन दिवस वायफाय नसतं. त्या दोन दिवसांत सासऱ्यांच्या बातम्या छत्रीवर चालू राहतील, हेही छत्री लावण्याचं एक कारण धरा.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. "वर्षाला दीड हजारात सगळे चॅनेल, सगळी ॲप" म्हणून एक काळा बॉक्स किंवा मोबाइलवर लिंक विकणारे लोक फिरतात. ती चोरी आहे. माझ्या ओळखीतल्या पाच-सहा घरांनी ते घेतलं, दोन-तीन महिन्यांत सगळीकडे पडदा काळा झाला आणि विकणाऱ्याचा नंबर बंद. असल्या बॉक्सला आपलं वायफाय आणि कधी कधी बँकेचं ॲप असलेला फोनही जोडला जातो, त्याची मला जास्त भीती वाटते.

तर ताई, तुमचा हिशेब. आज वर्षाला ६८० गुणिले बारा, ८,१६० रुपये. सासूबाईंच्या खोलीत २४३ची लहान केबल ठेवली तर वर्षाला २,९१६. महिन्याला ४३७ वाचतात, छत्रीचे दोन हजार पाच महिन्यांत वसूल. पहिल्या वर्षी तीन हजारांच्या वर हातात राहतील, दुसऱ्या वर्षापासून सव्वापाच हजार. त्यातून एखादं ॲप घेतलंत तर तेवढे वजा करा. मिस्टरांच्या योजनेत वर्षाला आणखी २,९१६ वाचतात हे खरं आहे. पण ते सासूबाईंच्या सात ते दहामधून वाचतात, आणि तो निर्णय त्यांना विचारून घ्यायचा आहे, त्यांच्या माघारी नाही.

वायफाय केबलवाल्याचंच असेल तर केबलचा बॉक्स बंद करताना वायफायचा दर बदलतो का हे आधी विचारा. काही ठिकाणी दोन्ही मिळून सवलत असते. हॉलचा बॉक्स परत करायचा असेल तर त्याची पोच लिहून घ्या, बॉक्सवरचा नंबर त्यात असू द्या आणि फोटो काढून ठेवा. अनामत भरली असेल तर तीही तेव्हाच मागा.

आणि बदल करायच्या आधी सासूबाईंच्या रिमोटवर बसून त्यांचे चार चॅनेल एकदा लावून बघा. पॅक बदलला तरी नंबर सहसा तेच राहतात, पण एचडी काढलं की साध्या चॅनेलचा नंबर वेगळा असतो, आणि नेमकी तिथेच त्यांची गाडी अडते. एका जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात मालिकेचं नाव आणि पुढे नवा नंबर लिहा. चॅनेलचं नाव नाही, मालिकेचं, कारण त्यांच्या डोक्यात मालिका असते. तो पुठ्ठा टीव्हीच्या खाली उजव्या कोपऱ्यात चिकटवा. पंचवटीच्या त्या आजींच्या घरी मी लावलेला पुठ्ठा अजून आहे. मालिका संपली की त्या शेजारच्या वहिनींकडून त्यावर नवी चिठ्ठी डकवून घेतात.